शाळा क्रमांक नऊचा कोरा फॉर्म

"कागद उशिरा आला तर वाट बघ. चुकीचा आला तर दुरुस्त कर. पण कोरा आला ना, तर हातातलं सगळं टाक आणि फोन उचल."

तपासनीस काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्या आपला खण रिकामा करत होत्या. बत्तीस वर्षं शाळा मंडळाच्या पत्रकातल्या चुका काढून त्या दिवशी त्या निवृत्त होत होत्या. खणातून एक भिंग निघालं, ऑफिसात घालायच्या सपाता निघाल्या आणि झिजून अंगठ्याएवढ्या उरलेल्या लाल पेन्सिलींची डबी निघाली. डबी त्यांनी टिकलीच्या आईच्या हातात ठेवली. टिकलीची आई म्हणाली, "हो काकू, अगदी नक्की." तिचं अर्धं लक्ष मोबाइलकडे होतं. टिकली सकाळी दोनदा खोकली होती आणि शाळेतून फोन आला नव्हता. याचा अर्थ सगळं ठीक आहे, की शाळेच्या लक्षातच आलं नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

सगळे तिला टिकलीची आईच म्हणत. टिकली पहिलीत होती, वयाच्या मानाने बारकी आणि आवाजाच्या मानाने भलतीच मोठी. ऑफिसात मात्र तिच्या आईला आणखी एक नाव पडलं होतं, 'हवामान खातं'. पत्रकाची पानं संगणकावर लावणाऱ्या मांडणीवाल्याने ते ठेवलं होतं.

"काय हवामान खातं, आज काय अंदाज?"

"शाळेची बस दहा मिनिटं लेट आहे रे."

"म्हणजे वादळच की."

मंडळाखाली चौदा शाळा होत्या आणि दर शरद ऋतूत त्या चौदा शाळांचं मिळून एक पत्रक निघे. त्याचा मजकूर टिकलीची आई जुळवायची. कुणी किती पळालं, कुणी काय पेरलं, कुणाच्या गाण्याच्या चमूला कुठला चषक मिळाला, विज्ञान प्रदर्शनात कुणाचा ज्वालामुखी वेळेआधीच उडाला, हे सगळं त्यात असे. प्रत्येक शाळेला एक छापील फॉर्म जाई आणि सोबत पत्ता छापलेलं पाकीट. फॉर्मवर चार रकाने होते: उपक्रम, सहभाग, यश आणि सगळ्यात खाली 'आणखी काही'. हा चौथा रकाना बहुतेक शाळा रिकामा सोडत, पण पत्रकातलं वाचण्यासारखं जे काही असे ते तिथूनच येई.

ऑफिसची एक जुनी रीत होती. एखाद्या शाळेचा फॉर्म आला नाही, किंवा अर्धवट आला, तर त्या शाळेचा गेल्या वर्षीचा मजकूर काढायचा, साल बदलायचं, आकडा थोडा वाढवायचा आणि लावून टाकायचा. याला 'मागचं ओढणं' म्हणत. यात कुणाला काही गैर वाटत नसे. शाळा दर शरदात तेच तर करतात. उलट एखादी शाळा गाळली, तर मुख्याध्यापकांचा फोन ठरलेला: "आमची शाळा काय बंद पडली की काय?"

शाळा क्रमांक नऊचं मागचं ओढण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती. चौदांमधली सगळ्यात लहान शाळा, गावाबाहेरच्या चढावर. तिचा फॉर्म दर वर्षी सगळ्यात आधी यायचा. तो भरायच्या ग्रंथपालबाई. त्यांना शाळा दोन: सोमवार ते बुधवार नऊ नंबर, गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी चार नंबर. गुरुवारी दुपारी मात्र त्या पुन्हा चढ चढून नवात यायच्या, कारण त्या दिवशी त्यांचा स्वतःचा उपक्रम असायचा. नाव होतं 'कानावर एक पान'. शाळेतली मुलं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावायची आणि गोष्टीचं एक पान मोठ्याने वाचून दाखवायची. पान संपलं की फोन बंद. पुढचं पान पुढच्या गुरुवारी.

बाईंचा फॉर्म पेन्सिलीने भरलेला असायचा आणि चौथा रकाना भरगच्च. गेल्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं, "सात नंबरच्या शाळेचा भोपळा जिल्ह्यात पहिला आला असं कळलं. भोपळ्याचं अभिनंदन. शाळेचं नंतर करू." टिकलीच्या आईने ते तसंच छापलं होतं. भोपळ्याचं वजन मात्र तिच्याकडून चुकलं. सात नंबरने एवढा गहजब केला की वेगळं शुद्धिपत्र काढावं लागलं.

काकू निवृत्त झाल्या त्या शरदात बाईंचा फॉर्म चौथा आला. मंगळवार होता. टिकलीच्या आईने पाकीट फाडलं, फॉर्म उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वरच्या कोपऱ्यात शाळेचा शिक्का होता. तिन्ही रकाने कोरे होते. 'आणखी काही'च्या चौकटीत पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, शेवटी खाली घसरलेली.

लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात न येणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने फॉर्म खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिला.

"हे बघ ना. कोरा पाठवलाय बाईंनी."

मांडणीवाल्याने मान वर केली नाही. "घाईत दुसराच टाकला असेल पाकिटात. मागचं ओढ."

"त्या घाई करत नाहीत रे."

"अगं, सध्या पुस्तकमोजणी चाललीये. दोन आठवडे धुळीत बसून एकेक पुस्तक मोजायचं म्हणजे डोकं फिरतंच माणसाचं. सहावं पान चारपर्यंत दे म्हणजे झालं."

तिने फोन उचलला. उचलला हे खरं, पण हात आपोआप टिकलीच्या शाळेच्या नंबरवर गेला. सकाळी स्वेटर दप्तरात ठेवला होता की घरीच खुर्चीवर राहिला, ते आठवत नव्हतं. शाळेच्या कारकूनबाईंनी तिचा आवाज ओळखला. "स्वेटर आहे अंगात, मॅडम. बटणंसुद्धा लावलीत. मोजू का?" दोघी हसल्या. तिने फोन ठेवला तेव्हा पावणेचार वाजले होते.

मग तिने मागचं ओढलं. 'यंदाही शाळा क्रमांक नऊमध्ये कानावर एक पान हा उपक्रम उत्साहात सुरू आहे.' मुलं गेल्या वर्षी सव्वीस होती, तिने अठ्ठावीस केली. 'उत्साहात' हा शब्द तिचा स्वतःचा. तो बाईंनी कधी लिहिला नसता.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पत्रक निघालं. चौदा शाळांत गेलं, वाचनालयात गेलं, दवाखान्यांच्या बाकांवर गेलं. विभागप्रमुख म्हणाले, यंदा अंक देखणा झालाय.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दहाला ऑफिसचा फोन वाजला.

"पत्रकवाल्या बाई का तुम्ही?" म्हातारा आवाज, पण खणखणीत. "मी घड्याळवाला. म्हणजे होतो. दुकान बंद केलं, आता नुसता घरी असतो. तुमच्या पत्रकात सहाव्या पानावर एक चूक आहे."

"कुठली आजोबा?" तिने लाल पेन्सिल घेतली.

"उपक्रम उत्साहात सुरू आहे म्हणे. कुणाकडे सुरू आहे? मला यंदा फक्त एकदा फोन आला, पहिल्या गुरुवारी. एक मुलगी आहे, वाचता वाचता शिंकते, पण वाचते छान. होडी खडकावर आपटली तिथे पान संपलं. त्यानंतर दोन गुरुवार कोरडे गेले. अहो, माणसं वाचली की बुडाली, तेवढं तरी सांगा."

"त्यानंतर एकदाही फोन नाही आला?"

"मधल्या गुरुवारी बरोबर साडेचारला वाजला होता. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मी दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं. म्हटलं, लाइन खराब असणार. ठेवून दिला."

टिकलीच्या आईने पेन्सिल खाली ठेवली. आजोबांचे आभार मानले आणि नऊ नंबरच्या मुख्याध्यापकांना फोन लावला.

"ग्रंथपालबाई? त्या चार नंबरला आहेत. मोजणीचे दोन आठवडे तिकडेच."

"तुम्हाला तसं कळवलं होतं त्यांनी?"

"कळवायचं काय त्यात? इथे नाहीत म्हणजे तिथे आहेत. मुलं विचारत होती वाचनाचं. पण मग तुमचं पत्रक आलं, त्यात सुरू आहे असं लिहिलेलं. म्हटलं, बाई तिकडूनच घेत असतील."

चार नंबरच्या मुख्याध्यापिका जरा चिडक्या होत्या. "अहो, त्या नवाला आहेत! आमची मोजणी अडलीये त्यांच्यासाठी. मी तक्रारच करणार होते, पण तुमच्या पत्रकात वाचलं की तिथे त्यांचे उपक्रम जोरात चाललेत. मग म्हटलं जाऊ दे, काम तर करतायत ना."

"मॅडम, ते मी लिहिलं होतं."

"मग तुम्हाला माहीत असेलच की त्या कुठे आहेत."

तिने फोन ठेवला. खुर्चीवरची पर्स घेतली. मांडणीवाला म्हणाला, "काय झालं? टिकली?" ती म्हणाली, "नाही. टिकली बरी आहे." हे वाक्य तिने खात्री न करता उच्चारलं आणि ते तिच्या लक्षात आलं ते बसमध्ये बसल्यावर.

ग्रंथपालबाई एका वाणसामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर राहत. दुकानदार दारात खोकी फोडत बसला होता.

"वरच्या बाई? आहेत की. कालच ब्रेड-दूध नेलं."

"बोलल्या काही?"

"बोलायचं काय? बोटाने दाखवतात, मी देतो. नेहमीचंच घेतात त्या. हल्ली जरा गप्प असतात खऱ्या. वय झालं की होतं."

जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्यावरचं दार बेल वाजवताच उघडलं. बाई उभ्या होत्या, धुतलेल्या कपड्यांत. केस डाव्या बाजूने चापून बसवलेले होते, उजव्या बाजूने तसेच होते. त्या हसल्या. हसू गालाच्या एकाच बाजूला पोचलं.

"बाई, मी मंडळाच्या ऑफिसातून. पत्रकवाली. ओळखलंत ना?"

बाईंनी मान हलवली.

"बऱ्या आहात ना?"

मान हलली.

"जेवण झालं?"

पुन्हा मान. तेवढीच, तशीच.

तापात असली की टिकली असंच करायची. पाणी हवं? हो. नको? हो. दुखतंय? हो. तेव्हा तिची आई असा एखादा प्रश्न विचारायची, ज्याला मान हलवून भागत नाही.

"बाई, आज वार कुठला?"

ग्रंथपालबाईंनी तोंड उघडलं. डोळ्यांत उत्तर असावं, कारण त्या तिच्याकडे नीट बघत होत्या. "मग," त्या म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा जोर केला. "मग... मग मग." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, वहीसारखा छातीशी धरला आणि दारातून बाजूला झाल्या.

टेबलावर एक वही उघडी होती. पानभर आडव्या रेघा होत्या. पहिल्या पानावरच्या सगळ्या खाली घसरलेल्या, पुढच्या पानांवरच्या थोड्या सरळ. शेजारी फोन, आणि फोनखाली अठरा नावांची यादी. घड्याळवाल्या आजोबांच्या नंबरापाशी बोटाचा डाग पडला होता.

रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत आली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"पहिला गुरुवार ठीक होता. त्यानंतरच्या मंगळवारी माझ्याकडे कागद आला. म्हणजे दोन आठवड्यांच्या वर."

"मेंदूतला छोटा झटका आहे. चालता येत होतं, म्हणून निभावलं. वाचा गेलीये. हात परत येईल बराचसा." त्या लिहीत होत्या. "शब्दही येतील. किती येतील ते आज नाही सांगता येणार. पहिल्या काही दिवसांत आणलं असतं तर जास्त हातात असतं."

"पहिल्या काही दिवसांत," टिकलीच्या आईने नुसतं परत म्हटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, तू डॉक्टर आहेस का? तुला कसं कळणार होतं?"

"मला कागद कोरा आहे हे कळलं होतं."

"बरं, पण दोन मुख्याध्यापक, एक दुकानदार, ते आजोबा. त्या सगळ्यांना नाही कळलं ते?"

"त्यांना कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं."

टिकली टेबलाखाली बसून ऐकत होती. "आई, मला विचार ना आज वार कुठला."

"कुठला?"

"चित्रकलेचा," टिकली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस काकूंचा फोन आला. निवृत्त झाल्या तरी त्या पत्रक हातात पेन्सिल घेऊनच वाचत.

"नऊ नंबरचा मजकूर मागचाच आहे. एक आकडा आणि एक शब्द सोडला तर स्वल्पविरामसुद्धा हलवला नाहीस."

"हो काकू."

"कोरा आला होता?"

"हो."

पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "मलाही आला होता एकदा. बारा नंबरच्या गाण्याच्या मास्तरांचा. मीही मागचंच ओढलं होतं." त्या मास्तरांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. "बरं," काकू म्हणाल्या, "'उत्साहात' हा शब्द काढून टाक पुढच्या वेळी. कशातच काही नसतं तेव्हा तो येतो."

ग्रंथपालबाई पाच आठवड्यांनी घरी आल्या. तोवर झाडं पार उघडी झाली होती. नऊ नंबरच्या मुलांनी गुरुवारचे फोन एका तरुण शिक्षिकेच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू केले होते. होडीतली माणसं वाचली होती. घड्याळवाल्या आजोबांना ते पटलं नव्हतं. बाईंना आता वीसेक शब्द येत होते, पण मागितलेला शब्द दर वेळी हाती लागत नसे. मदतीची पाळी लावली होती. दोन्ही शाळांनी वार वाटून घेतले, दुकानदाराने सकाळचं दूध वर नेऊन दाराबाहेर ठेवायचं कबूल केलं. मंगळवार आणि रविवार तेवढे कुणाकडेच नव्हते.

विभागप्रमुखांना शुद्धिपत्र पसंत नव्हतं. "कशाला उगाच गाजावाजा? पुढच्या अंकात बरोबर छापू की."

"सर, भोपळ्याच्या वजनासाठी छापलं होतं आपण."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "किती ओळी?"

"चौकटीत मावेल एवढ्या."

मसुदा घेऊन ती बाईंकडे गेली आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांच्या घराविषयी छापायचं तर त्यांचा होकार हवा होता, आणि नुसती मान तिला चालणार नव्हती. बाईंनी डाव्या हातात पेन्सिल घेतली. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या' हे शब्द खोडले. 'दुर्दैवी' खोडलं. शेवटच्या परिच्छेदाला हात लावला नाही. खाली त्यांनी बराच वेळ घेऊन एक अक्षर काढलं, मग दुसरं. 'छाप.'

टिकलीच्या आईने ते तसंच छापलं.

'शुद्धिपत्र. शरद अंकाच्या सहाव्या पानावर, शाळा क्रमांक नऊचा उपक्रम सुरू असल्याचं लिहिलं होतं. तो तेव्हा बंद होता. शाळेचा फॉर्म आमच्याकडे कोरा आला होता. आम्ही चौकशी केली नाही, गेल्या वर्षीचा मजकूर लावला. ती चूक पत्रकाची आहे.

ग्रंथपालबाई वाणसामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर राहतात. रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा त्या सकाळी नऊपर्यंत उघडतात. मंगळवारी आणि रविवारी त्यांच्याकडे कुणी जात नाही. तुम्ही त्या रस्त्याने जात असाल, तर वर बघा. पडदा उघडा असला तरी जिना चढा आणि बेल वाजवा. त्या दार उघडतील, हसतील, मान हलवतील. तेवढ्यावर परत फिरू नका. आज वार कुठला, ते त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.'